श्रीदाथ रामफल: जिथे मतदान नाही तिथे निर्णय कसे घडवले

खारेवारे (धागाकर्ता)

राष्ट्रकुलाच्या बैठकीत मतदान होत नाही. ठराव कुणावर बंधनकारक नसतो, संस्थेकडे फौज नाही, पैसाही बेताचा. अशा संस्थेचं सरचिटणीसपद गयानाच्या सर श्रीदाथ 'सनी' रामफल यांनी १ जुलै १९७५ पासून १९९० च्या जूनअखेरपर्यंत, म्हणजे सलग १५ वर्षं सांभाळलं. गयानाची लोकसंख्या तेव्हा आठ लाखांच्या आत होती. तरीही झिंबाब्वेचं स्वातंत्र्य आणि दक्षिण आफ्रिकेवरचे निर्बंध या दोन्ही प्रकरणांतल्या कळीच्या कागदांवरून त्यांचा हात फिरलेला आहे.

हे कसं जमलं याचं उत्तर त्यांच्या सुरुवातीच्या नोकऱ्यांत सापडतं. जन्म ३ ऑक्टोबर १९२८, न्यू अ‍ॅमस्टरडॅम, तेव्हाचं ब्रिटिश गयाना. पूर्वज भारतातून गिरमिटावर गेलेले, वडील शिक्षक. लंडनच्या किंग्ज कॉलेजात कायदा शिकले, १९५१ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि परत येऊन सरकारी वकिलाच्या कचेरीत लागले. तिथून पुढची वर्षं मुख्यतः कायद्यांचे मसुदे लिहिण्यात गेली. १९५८ मध्ये वेस्ट इंडीज संघराज्य स्थापन झालं तेव्हा ते त्याच्याही मसुदा विभागात होते आणि शेवटी संघराज्याचे सहायक अ‍ॅटर्नी जनरल झाले.

ते संघराज्य चार वर्षांत मोडलं. सप्टेंबर १९६१ च्या सार्वमतात जमैकाने बाहेर पडण्याचा कौल दिला आणि ३१ मे १९६२ ला सगळं विसर्जित झालं. घटना होती, संसद होती, पण केंद्राकडे स्वतःचं उत्पन्न जवळपास नव्हतं आणि मोठ्या बेटांचे बडे नेते केंद्रात आलेच नाहीत. कागद कितीही चांगला असला तरी ज्याच्यावाचून तो चालणार नाही तो माणूस खोलीत हवा, हा धडा रामफल यांच्या पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत दिसतो.

१९६५ मध्ये गयानाचे सरकारप्रमुख फोर्ब्स बर्नहॅम यांनी त्यांना अ‍ॅटर्नी जनरल म्हणून बोलावून घेतलं. २६ मे १९६६ च्या स्वातंत्र्याची घटना त्यांच्याच देखरेखीखाली लिहिली गेली. पुढे परराष्ट्र खात्याचे राज्यमंत्री आणि १९७२ पासून परराष्ट्रमंत्री. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलिप्त राष्ट्रांच्या परराष्ट्रमंत्र्यांची परिषद जॉर्जटाउनला भरली. ८ डिसेंबर १९७२ ला गयाना, जमैका, बार्बाडोस आणि त्रिनिदाद यांनी एकाच दिवशी क्युबाशी राजनैतिक संबंध जोडले. एकट्याने केलं असतं तर एकेकाला वॉशिंग्टनला जाब द्यावा लागला असता. चौघांनी एकदम केल्यावर तो प्रश्न विरघळला.

मे १९७५ मध्ये किंग्स्टनच्या राष्ट्रकुल परिषदेत कॅनडाच्या अर्नल्ड स्मिथ यांच्या जागी त्यांची निवड झाली. पुढचं ज्यांना ठाऊक आहे त्यांनी भर घाला. विशेषतः झांबियातल्या लुसाका इथल्या १९७९ च्या परिषदेबद्दल.

निळावंती

राष्ट्रकुलाआधीच्या लोमे कराराला (युरोपीय समुदाय आणि आफ्रिका, कॅरिबियन, पॅसिफिकमधले देश यांच्यातला व्यापारी करार) धाग्यात जागा हवी, कारण रामफल यांची पद्धत तिथे प्रथम पूर्ण उतरली.

१९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला आणि त्याच्या जुन्या वसाहतींची साखर, केळी, रम यांचा हक्काचा बाजार धोक्यात आला. समुदायाने या देशांपुढे निरनिराळ्या प्रकारच्या संबंधांचे पर्याय ठेवले. प्रत्येक गट वेगळा पर्याय उचलेल आणि प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणी होतील, अशी ती रचना होती. आफ्रिकेतले फ्रेंच भाषक देश आधीपासून एका करारात बांधलेले, इंग्रजी भाषक वेगळे, कॅरिबियन आणि पॅसिफिक आणखी वेगळे. रामफल आणि नायजेरियासारख्या मोठ्या आफ्रिकी देशांनी आग्रह धरला की पर्याय निवडायचाच नाही. सगळे एकत्र बसतील आणि एका विषयावर सगळ्यांच्या वतीने एकच प्रवक्ता बोलेल. साखरेच्या बाजूला जमैकाचे पी. जे. पॅटरसन पुढे होते.

२८ फेब्रुवारी १९७५ ला टोगोच्या राजधानीत ४६ देश एका बाजूला आणि युरोपातले ९ दुसऱ्या बाजूला, अशी सही झाली. त्यातला साखरेचा जोडकरार बारकाईने बघण्यासारखा आहे. मूळ लोमे करार पाच वर्षांचा, पण साखरेच्या जोडकरारावर मुदतच घातली नाही. वर्षाला सुमारे १३ लाख टन उसाची साखर हमीभावाने घेण्याचं बंधन बेमुदत राहिलं. मूळ करार संपला, दुसरा आला, तिसरा आला, चौथा आला, साखर तशीच चालू. तो जोडकरार मोडायला युरोपला २००७ मध्ये रीतसर नोटीस द्यावी लागली आणि २००९ मध्ये तो संपला. भारताचाही उसाच्या साखरेचा वेगळा करार १९७५ मध्ये झाला होता, पण तो कोटा फार लहान.

याच ४६ देशांनी ६ जून १९७५ ला जॉर्जटाउनमध्ये आपली कायमची संघटना स्थापन केली. रामफल यांची राष्ट्रकुलात निवड झाली होती आणि पदभार घ्यायला अजून साडेतीन आठवडे बाकी होते.

पाणकोंबडी

एक शंका. सरचिटणीस हा नोकरच ना? मसुदा सदस्य देशांचे अधिकारी लिहितात. मग 'हात फिरला' म्हणजे नेमकं काय? प्रत्यक्ष क्रम कसा असतो?

कागदोपत्री

पाणकोंबडी, त्या काळचा क्रम असा.

परिषद साधारण आठवडाभराची, दर दोन वर्षांनी. सुरुवातीला पूर्ण बैठका होतात, प्रत्येक शासनप्रमुख आपली बाजू मांडतो. त्याच वेळी शेजारच्या दालनात वरिष्ठ अधिकाऱ्यांची समिती संयुक्त पत्रकाचा कच्चा मसुदा घेऊन बसते. हा कच्चा मसुदा सचिवालयाकडून येतो, ही पहिली किल्ली. ज्याचा कागद टेबलावर असतो त्याच्या शब्दांपासून चर्चा सुरू होते, आणि शंभर परिच्छेदांपैकी फार तर दहा-पंधरांवर वाद होतो. बाकीचे जसे लिहिले तसे पत्रकात जातात.

दुसरी किल्ली म्हणजे शनिवार-रविवारचा एकांत. १९७३ मध्ये कॅनडात पिएर ट्रुडो यांनी ही प्रथा पाडली. शासनप्रमुख राजधानीबाहेर एका ठिकाणी राहतात, अधिकारी बरोबर नाहीत, वाचून दाखवायची भाषणं नाहीत. पण सरचिटणीस तिथे असतो. अडलेला मुद्दा शुक्रवारी अधिकाऱ्यांच्या समितीतून उचलायचा, एकांतात पाच-सहा जणांच्या हवाली करायचा आणि सोमवारी तयार मजकूर पूर्ण बैठकीत आणायचा.

तिसरी गोष्ट सहमतीची. मतदान नाही म्हणजे एका देशाला सगळं अडवता येतं असं वाटतं, पण तसं होत नाही. फारच अडलं तर मजकुरात 'ब्रिटन वगळता' असे शब्द घालून बाकीचे पुढे जातात. १९८७ मध्ये व्हँकुव्हरला आणि १९८९ मध्ये क्वालालंपूरला दक्षिण आफ्रिकेबाबत तेच झालं. क्वालालंपूरला तर ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर यांनी संयुक्त निवेदन मान्य करून लगेच स्वतःचं वेगळं निवेदन काढलं आणि कॅनडाचे मलरोनी व ऑस्ट्रेलियाचे हॉक उघड संतापले.

ही पद्धत फसते ती शब्द फार सैल ठेवल्यावर. १९७७ चा ग्लेनइगल्स करार बघा. आदल्या वर्षी न्यूझीलंडचा रग्बी संघ दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला म्हणून आफ्रिकी देशांनी माँट्रियल ऑलिंपिकवर बहिष्कार घातला होता. १९७८ च्या एडमंटन राष्ट्रकुल क्रीडास्पर्धाही बुडणार अशी चिन्हं होती. स्कॉटलंडमधल्या ग्लेनइगल्स हॉटेलच्या एकांतात न्यूझीलंडचे मल्डून, जमैकाचे मॅन्ली आणि आणखी थोडे नेते बसले आणि मजकूर निघाला. प्रत्येक सरकार 'आपापल्या कायद्यांनुसार' दक्षिण आफ्रिकेशी क्रीडासंबंध टाळण्यासाठी शक्य ती सर्व व्यावहारिक पावलं उचलेल. 'आपापल्या कायद्यांनुसार' हे शब्द नसते तर मल्डून यांनी मान्यता दिली नसती. आणि ते होते म्हणूनच १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचा न्यूझीलंड दौरा झाला. आमच्या कायद्यात नागरिकाला खेळण्यापासून अडवता येत नाही, असं सरकारने सांगितलं.

पण त्याची किंमत वसूल झाली. त्या वर्षी राष्ट्रकुलाच्या अर्थमंत्र्यांची बैठक ऑकलंडला व्हायची होती, ती उचलून बहामाजमधल्या नॅसॉला नेली. सरचिटणिसाच्या हातात असतं ते एवढंच, आणि ते रामफल यांनी वापरलं.

खारेवारे

कागदोपत्री, फार उपयोगी. क्रम इतका स्वच्छ मांडल्याबद्दल आभार. आता लुसाका कुणीतरी घ्या.

त्रिज्या

लुसाका घेतो. १ ते ७ ऑगस्ट १९७९.

पार्श्वभूमी अशी. ऱ्होडेशियात (आजचा झिंबाब्वे) गोऱ्या राजवटीचे प्रमुख इयन स्मिथ यांनी बिशप मुझोरेवा यांना पुढे करून 'अंतर्गत तोडगा' काढला होता. १०० पैकी २८ जागा गोऱ्यांसाठी राखीव आणि फौज, पोलीस, न्यायालयं गोऱ्यांच्याच हातात. मुगाबे आणि न्कोमो यांची देशभक्त आघाडी निवडणुकीबाहेर. मार्गारेट थॅचर मे महिन्यात पंतप्रधान झाल्या आणि मुझोरेवांना मान्यता देण्याकडे त्यांचा कल दिसत होता. परिषदेच्या आदल्या दिवशी, ३१ जुलैला, नायजेरियाने ब्रिटिश पेट्रोलियमची आपल्या देशातली मालमत्ता राष्ट्रीयीकृत केली. लंडनसाठी तो स्पष्ट निरोप होता.

मजकूर सहा देशांच्या छोट्या गटाने तयार केला. थॅचर, झांबियाचे काउंडा, टांझानियाचे न्येरेरे, जमैकाचे मॅन्ली, ऑस्ट्रेलियाचे फ्रेझर, नायजेरियाचे परराष्ट्रमंत्री अडेफोपे आणि त्यांच्यासोबत रामफल. निष्पन्न झाले नऊ मुद्दे. त्यातले तीन शब्दप्रयोग मी पुन्हा पुन्हा वाचतो.

पहिला, मुझोरेवांची घटना 'काही महत्त्वाच्या बाबतींत सदोष' आहे. 'बेकायदा' किंवा 'अमान्य' नव्हे. 'अमान्य' लिहिलं असतं तर थॅचर उठून गेल्या असत्या. 'सदोष' लिहिल्यावर दोष दुरुस्त करणं हे ओघानेच आलं, आणि दुरुस्ती म्हणजे नवी घटना.

दुसरा, कायदेशीर स्वातंत्र्य देण्याची घटनात्मक जबाबदारी ब्रिटनची आहे. आफ्रिकी देश १९६५ पासून हेच म्हणत होते. थॅचर यांना तो ब्रिटनचा मान वाटला, आफ्रिकेला ते ब्रिटनच्या गळ्यात अडकवलेलं लोढणं वाटलं. एकाच वाक्यावर दोघेही समाधानी.

तिसरा, निवडणूक ब्रिटिश सरकारच्या अधिकाराखाली होईल 'आणि राष्ट्रकुलाचे निरीक्षक उपस्थित राहतील'. या शेवटच्या चार शब्दांनी सचिवालयाला पुढच्या सात महिन्यांचं तिकीट मिळालं.

ठरलं होतं की मजकूर सोमवारी पूर्ण बैठकीपुढे यायचा. रविवारी, ५ ऑगस्टला, फ्रेझर यांनी ऑस्ट्रेलियन पत्रकारांना तो आधीच सांगून टाकला. थॅचर भडकल्या. त्या संध्याकाळी ऑस्ट्रेलियाच्या उच्चायुक्तांच्या बंगल्यावर उघड्यावर खाना होता आणि सगळे नेते तिथे येणारच होते. तिथेच तातडीने जमून मजकूर मान्य करून घेतला आणि जाहीर केला. रात्र गेली असती तर लंडनहून, ऱ्होडेशियाची राजधानी सॅलिसबरीहून दबाव आला असता आणि सोमवारपर्यंत नऊचे सात मुद्दे उरले असते, असं माझं मत आहे.

निळावंती

त्रिज्या, लुसाकानंतर लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये ऱ्होडेशियाच्या नव्या घटनेसाठी परिषद झाली, तिथला जमिनीचा पेच राहिला. रामफल यांचं श्रेय आणि त्या पद्धतीची मर्यादा, दोन्ही तिथे दिसतात.

परिषद १० सप्टेंबर ते २१ डिसेंबर १९७९ चालली. अध्यक्ष लॉर्ड कॅरिंग्टन. रामफल यांना आत स्थान नव्हतं, ही ब्रिटनची परिषद होती. ते जवळच मार्लबरो हाउसमध्ये, म्हणजे राष्ट्रकुल सचिवालयात, राष्ट्रकुलाच्या उच्चायुक्तांच्या समितीच्या बैठका घेत आणि देशभक्त आघाडीशी सतत संपर्क ठेवत.

ऑक्टोबरमध्ये सगळं जमिनीवर अडलं. ब्रिटनचा मसुदा म्हणत होता की मालकाची इच्छा असेल तरच आणि बाजारभाव देऊनच जमीन घ्यायची, आणि हे कलम दहा वर्षं बदलता येणार नाही. मुगाबे आणि न्कोमो यांचा सवाल साधा होता. ज्या जमिनीसाठी लढलो ती विकत घ्यायला पैसा आणायचा कुठून? बोलणी तुटायच्या बेतात आली. तेव्हा रामफल यांनी लंडनमधले अमेरिकेचे राजदूत किंगमन ब्रूस्टर यांना गाठलं. जमीनसुधारणेसाठी अमेरिकेकडून मदत मिळेल असा शब्द वॉशिंग्टनमधून आणवला आणि तो आघाडीपर्यंत पोचवला. १८ ऑक्टोबरला आघाडीने घटनेचा मसुदा स्वीकारला.

दुखरी जागा अशी की त्या शब्दात आकडा नव्हता आणि तो करारात लिहिलेला नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर मसुदे लिहिले त्याच्या सर्वांत मोठ्या यशातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोंडी राहिला. आकडा मागत बसले असते तर अमेरिकी काँग्रेसपर्यंत प्रकरण गेलं असतं आणि परिषद तोवर मोडली असती, हे खरं. पण झिंबाब्वेतला जमिनीचा प्रश्न वीस वर्षांनी ज्या रीतीने फुटला त्याची एक मुळी या न लिहिलेल्या आकड्यापर्यंत जाते.

उंबरठा

निरीक्षकांचा मुद्दा निघाला म्हणून जोड देतो. फेब्रुवारी १९८० च्या निवडणुकीसाठी गेलेल्या राष्ट्रकुलाच्या निरीक्षक गटाचे अध्यक्ष भारताचे ज्येष्ठ मुत्सद्दी राजेश्वर दयाळ होते. गटाने आपलं प्राथमिक मत निकालाआधीच दिलं, हे फार शहाणपणाचं. निकालानंतर 'निवडणूक योग्य झाली' म्हटलं तर हरलेला म्हणतो की जिंकलेल्याला बघून लिहिलं. निकाल आला तेव्हा सामान्य यादीतल्या ८० पैकी ५७ जागा मुगाबेंच्या, २० न्कोमोंच्या, ३ मुझोरेवांच्या. कित्येकांना तो धक्का होता, पण निवडणूक खोटी म्हणायला जागा उरली नव्हती. १८ एप्रिल १९८० ला स्वातंत्र्य.

आणि गोवा कुणीच कसं घेतलं नाही? १९८३ ची परिषद दिल्लीला झाली, २३ ते २९ नोव्हेंबर, अध्यक्ष इंदिरा गांधी. तिचा एकांत गोव्यात आग्वादला झाला. टेकडीवरची ती हॉटेलची घरं त्याच निमित्ताने बांधली गेली. तिथून आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरचं 'गोवा जाहीरनामा' निघालं, मुख्य भर अण्वस्त्रं आणि महासत्तांमधला तुटलेला संवाद यांवर.

रामफल यांच्या दृष्टीने मात्र आग्वादचा अवघड विषय ग्रेनाडा होता. महिनाभरापूर्वी, २५ ऑक्टोबरला, अमेरिकेने त्या बेटावर फौज उतरवली होती आणि कॅरिबियन देश आपसांत दुभंगले होते. जमैका, बार्बाडोस आणि पूर्वेकडची छोटी बेटं अमेरिकेबरोबर. त्रिनिदाद, गयाना, बेलीझ, बहामाज विरोधात. स्वतःच्याच प्रदेशातली माणसं एकमेकांकडे बघत नसताना मधे बसायचं होतं. पत्रकात शेवटी आलं ते असं की आता भर पुनर्बांधणीवर हवा, दोषारोपांवर नको. काहींना ती पळवाट वाटली. पण त्याच पत्रकातून लहान राज्यांच्या सुरक्षेचा अभ्यास करायची जबाबदारी सचिवालयाकडे आली, १९८५ मध्ये अहवाल निघाला आणि साधारण दहा लाखांपर्यंत लोकसंख्येच्या देशांचा 'लहान राज्यं' असा वेगळा विचार तिथून रुळला. पुढे ही रेषा पंधरा लाखांवर गेली.

जुनीवही

रामफल यांच्याबद्दल आदर आहे, तरी एक प्रश्न टाळून चालणार नाही. ज्या बर्नहॅम यांच्या मंत्रिमंडळात ते होते त्यांच्या १९६८ आणि १९७३ च्या निवडणुका घोटाळ्याच्या होत्या हे आज सर्वमान्य आहे. १९६८ मध्ये परदेशस्थ मतदारांच्या नावाने किती खोटी मतं पडली हे तेव्हाच उघड झालं होतं. गयानातले भारतीय वंशाचे बहुसंख्य लोक छेदी जगन यांच्या पक्षामागे होते, त्यांच्या मतांचीच चोरी झाली. जो माणूस ऱ्होडेशियात 'एक माणूस एक मत' मागत होता तो घरी गप्प राहिला. हे त्याच्या कारकिर्दीच्या हिशोबात धरायला हवं.

खारेवारे

जुनीवही, धरायलाच हवं. मला ते समर्थनीय वाटत नाही. बाजू एवढीच मांडता येते की त्यांनी खातं परराष्ट्राचं सांभाळलं आणि १९७५ मध्ये देश सोडला. पण १९७३ मध्ये ते मंत्री होते, हे त्याने पुसलं जात नाही.

राष्ट्रकुलाचीही तीच अडचण होती. दक्षिण आफ्रिकेवर सगळे बोलत, सदस्य देशाच्या आतल्या कारभारावर कुणी बोलत नसे. १९७७ मध्ये लंडनच्या पत्रकात इदी अमीन यांच्या युगांडाचा निषेध झाला तो या अलिखित नियमाला पहिला मोठा अपवाद. सदस्यांच्या आतल्या कारभाराचे निकष लिहून काढायला १९९१ ची हरारे परिषद उजाडली, तोवर रामफल पायउतार झाले होते.

पाणकोंबडी

१९८६ चं 'नामवंतांचं शिष्टमंडळ' हीसुद्धा त्यांचीच कल्पना का? आणि ते फसलं असं का म्हणतात?

त्रिज्या

ते ऑक्टोबर १९८५ च्या नॅसॉ परिषदेतून निघालं. थॅचर निर्बंधांना तयार नव्हत्या, बाकीचे निर्बंधांशिवाय तयार नव्हते. मधला रस्ता म्हणून सात जणांचं शिष्टमंडळ. फ्रेझर आणि नायजेरियाचे ओबासान्जो सहअध्यक्ष, भारताचे स्वर्णसिंग, बार्बाडोसच्या डेम नीटा बॅरो, ब्रिटनचे लॉर्ड बार्बर, टांझानियाचे मालेसेला, कॅनडाचे आर्चबिशप स्कॉट. मे १९८६ मध्ये त्यांनी पोल्समूर तुरुंगात नेल्सन मंडेलांची भेट घेतली. सरकारने बंदी उठवायची, कैदी सोडायचे, फौजा वस्त्यांमधून मागे घ्यायच्या, दुसऱ्या बाजूने हिंसा स्थगित करायची आणि बोलणी सुरू करायची, असा आराखडा त्यांनी दोन्हीकडे ठेवला होता.

१९ मे ला ते केपटाउनमध्ये असतानाच दक्षिण आफ्रिकेच्या फौजेने हरारे, लुसाका आणि गाबोरोने या तीन राजधान्यांवर हल्ले केले. तिन्ही राष्ट्रकुलाच्या राजधान्या. शिष्टमंडळ निघून आलं.

फसलं म्हणणं मला पटत नाही. तीन महिन्यांनी लंडनला सात देशांची आढावा बैठक झाली, राजीव गांधीही होते, आणि ब्रिटन सोडून सहा जणांनी निर्बंध वाढवले. बार्बर यांच्यासारखा हुजूर पक्षाचा माजी अर्थमंत्री त्या अहवालावर सही करून बसला होता, म्हणून 'हे सगळं तिसऱ्या जगाचं ओरडणं आहे' असं म्हणता आलं नाही. सदस्य निवडतानाच ते साधलं होतं. आणि तो आराखडा १९९० मध्ये बोलणी सुरू झाली त्या वाटेच्या फार जवळ जाणारा होता.

उंबरठा

आता आजच्या घडीचं. कॅरिबियन माणूस अशा पदावर चढतो त्यात गुण असतातच, पण गणितही असतं. ते इथे नोंदवून ठेवतो, उपयोगी पडेल.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचं अध्यक्षपद पाच प्रादेशिक गटांत फिरतं, म्हणजे लॅटिन अमेरिका-कॅरिबियन गटाची पाळी दर पाच वर्षांनी. गटात गेली काही दशकं असं चालत आलंय की एक पाळी लॅटिन अमेरिकेची, एक कॅरिबियनची. १९९३ गयानाचे इनसॅनली, २००३ सेंट लुशियाचे ज्युलियन हंट, २०१३ अँटिग्वाचे जॉन अ‍ॅश, २०२३ त्रिनिदादचे डेनिस फ्रान्सिस. पाळी आल्यावर नाव बेटांनी आपसांत आधी ठरवायचं, न्यूयॉर्कला पोचेपर्यंत ते एकच असायला हवं.

अमेरिकी राज्यांच्या संघटनेत मात्र निवडणूक असते. ३४ देश, निवडून यायला १८ मतं. कॅरिकॉमच्या, म्हणजे कॅरिबियन देशांच्या समुदायाच्या, स्वतंत्र सदस्यांची मतं १४. म्हणजे एकी राहिली तर आणखी चार मिळवायची. हे गणित कायम होतं, तरी २०२५ पर्यंत एकही कॅरिबियन सरचिटणीस झाला नाही, उपसरचिटणीसपदावर समाधान मानलं गेलं. ११ एप्रिल २००५ ला चिलीचे इन्सुल्झा आणि मेक्सिकोचे देर्बेझ यांच्यात पाच फेऱ्या झाल्या, पाचही वेळा १७-१७. अशा वेळी एकेका बेटाची किंमत काय होते ते तिथे दिसलं.

सुरीनामचे अल्बर्ट रामदिन यांचा जिना बघा. १९९७ पासून त्या संघटनेत सुरीनामचे राजदूत, मग कॅरिकॉमच्या सचिवालयात परराष्ट्र संबंधांचे सहायक सरचिटणीस, मग संघटनेच्या सरचिटणिसाचे सल्लागार, २००५ ते २०१५ उपसरचिटणीस, २०२० ते २०२५ सुरीनामचे परराष्ट्रमंत्री. म्हणजे देशाच्या बाजूने, प्रदेशाच्या बाजूने आणि संस्थेच्या आतून, तिन्ही खुर्च्यांत बसून झालेलं. मार्च २०२५ च्या सुरुवातीला ब्राझील, चिली, कोलंबिया, उरुग्वे आणि बोलिव्हिया यांनी एकत्र पाठिंबा जाहीर केला. १४ मध्ये ५ मिळवले की १९. पराग्वेच्या उमेदवाराने माघार घेतली आणि १० मार्चला निवड बिनविरोध झाली.

कागदोपत्री

उंबरठा, याची उलटी बाजूही सांगा. एकी मोडली की काय होतं ते राष्ट्रकुलात दोनदा दिसलं. २०१५ मध्ये सरचिटणीसपदाची पाळी कॅरिबियनची होती. डॉमिनिकाने पॅट्रिशिया स्कॉटलंड यांचं नाव दिलं, अँटिग्वाने रोनाल्ड सँडर्स यांचं. स्कॉटलंड जिंकल्या, पण प्रदेशातली फूट शेवटपर्यंत मिटली नव्हती. २०२२ मध्ये किगालीला तर जमैकाच्या परराष्ट्रमंत्री कामिना जॉन्सन स्मिथ त्यांच्याच विरोधात उभ्या राहिल्या. २७ विरुद्ध २४. सहमतीच्या संस्थेत असा आकडा बाहेर आला की निवडून आलेल्या माणसाला पुढे प्रत्येक कागदावर त्या २४ जणांची मनधरणी करावी लागते. रामफल यांच्यावर ही पाळी आली नाही, आणि त्यांच्या काळात मुदतही पाच वर्षांची होती. आता चार वर्षांच्या दोनच मुदती. पंधरा वर्षांत शासनप्रमुख बदलतात, सरचिटणीस तोच राहतो, कोण कधी काय बोललं होतं ते एकट्याला आठवत असतं. ते बळ आता कुणाला मिळणार नाही.

पाणकोंबडी

१९९० नंतर ते काय करत होते? निवृत्त?

निळावंती

छे. वेस्ट इंडीजच्या भवितव्यावरच्या आयोगाचे अध्यक्ष, स्वीडनचे इंग्वार कार्लसन यांच्यासोबत जागतिक शासनव्यवस्थेवरच्या आयोगाचे सहअध्यक्ष, मग १९९७ ते २००१ कॅरिबियनचे व्यापारी वाटाघाटींचे मुख्य प्रतिनिधी. पुढे गयाना-सुरीनाम सागरी हद्दीच्या लवादात गयानाच्या बाजूने. त्याचा निवाडा १७ सप्टेंबर २००७ ला आला.

आणि शेवटचं काम व्हेनेझुएलाचं. व्हेनेझुएला एसेक्विबो नदीच्या पश्चिमेकडच्या प्रदेशावर, म्हणजे गयानाच्या जवळपास दोन तृतीयांश भूमीवर हक्क सांगतो. स्वातंत्र्याच्या तीन महिने आधी, १७ फेब्रुवारी १९६६ ला, जिनिव्हा करार झाला. त्याच्या चौथ्या कलमात लिहिलंय की दोन्ही देशांचं तोडग्याच्या मार्गावर एकमत झालं नाही, आणि मार्ग ठरवायचं कुणाकडे सोपवावं यावरही झालं नाही, तर संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस मार्ग निवडतील. तो फसला तर दुसरा, असं करत सगळे मार्ग संपेपर्यंत. १८ जून १९७० ला पोर्ट ऑफ स्पेनमध्ये हा वाद १२ वर्षं गोठवणाऱ्या कागदावर गयानाच्या वतीने सही रामफल यांची आहे.

जानेवारी २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस यांनी त्या चौथ्या कलमानुसार आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा मार्ग निवडला. व्हेनेझुएलाने न्यायालयाचा अधिकारच नाकारला. ३० जून २०२० ला करोनामुळे सुनावणी दूरदृश्य पद्धतीने झाली आणि ९१ वर्षांचे रामफल गयानाचे सहप्रतिनिधी म्हणून बोलले. १८ डिसेंबरला १२ विरुद्ध ४ मतांनी न्यायालयाने खटला चालवण्याचा अधिकार आपल्याला आहे असं ठरवलं. आधार होता तोच १९६६ च्या करारातल्या चौथ्या कलमाचा दुसरा परिच्छेद.